स्वस्तातला नळ

गल्लीत तिला सगळे वॉशरताई म्हणत. नवरा गेला तेव्हा त्याचं नळ, खिळे आणि स्क्रूंचं दुकान बंद कर असं जो तो सांगत होता. तिने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं. त्याला एकवीस वर्षं झाली. आता कोणी गळता नळ नुसता तोंडाने सांगितला, तरी न बघता तिचा हात नेमक्या खणात जायचा.

रस्त्याच्या टोकाला सुपरमार्केट उघडलं तेव्हा ती फारशी चिडली नाही. त्यांनी बल्ब आणि बॅटऱ्यांची गिऱ्हाइकं ओढली खरी, पण भाव छापीलच, आणि एक सुटा स्क्रू तिथे औषधालाही मिळायचा नाही. तिथला मॅनेजरच फ्यूज उडाला की हिच्याकडे पळत यायचा.

मग चौकात डिस्काउंटवाल्यांचं भलंमोठं दुकान आलं. अशीच शंभर दुकानं त्यांची गावोगाव. ना सजावट, ना मदतीला माणूस. माल खोक्यांतच, उचला आणि चालू लागा. या आठवड्यात नळ, पुढच्या आठवड्यात ड्रिल, त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन्ही गायब. तिला जो नळ घाऊक भावात मिळायचा, तो तिथे गिऱ्हाइकाला त्याहून स्वस्त. लोक नळ तिथून घ्यायचे आणि तो बसवायचा कसा हे विचारायला हिच्या दारात यायचे.

"ज्याने विकला त्याला विचारा की!" ती फटकारायची.

"तिथे विचारायला कोणी नसतं हो," लोक बिनदिक्कत सांगायचे.

एका सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, नळ तुटलाय. पाणी थांबेना, खालच्यांच्या छतातून गळतंय. लवकर ये."

पिशवीत पाना टाकून ती धावली. मुख्य कॉक बंद केला, तुटका नळ सोडवला आणि तो हातात घेताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीचं नाव तेच, चकाकी तीच, वजन मात्र निम्मं. तिच्या दुकानातल्या नळात पितळ होतं. याच्या पोटात प्लॅस्टिक.

"कुठून आणलास?"

"चौकातून," भाऊ फरशीवरचं पाणी पुसत म्हणाला.

"सख्ख्या बहिणीचं नळांचं दुकान, आणि तू तिकडे रांगेत उभा राहिलास?"

"अगं, निम्म्या भावात मिळत होता..."

"मग खालच्यांचं छतही निम्म्या भावात करून घे!"

ओल्या कपड्यांनिशीच ती चौकात गेली. अख्ख्या दुकानात गल्ल्यावर एकच मुलगी. पैसे घेणं, खोकी उचलणं, फरशी पुसणं, सगळं तिच्याच माथी.

"मावशी, मॅनेजर चार दुकानं बघतात, आज इथे नाहीत. पावती असेल तर पैसे परत मिळतील."

"पैसे नकोत मला. वर तेच नाव आणि आत प्लॅस्टिक, हे कोणी ठरवलं ते सांग."

मागची रांग कुरकुरायला लागली. मुलगी हळूच म्हणाली, "मला कोण सांगतंय? माझ्या घरचाही तुटला."

आता हिच्यावर काय ओरडायचं! वॉशरताई तणतणत परतली आणि तिने माल पुरवणाऱ्याला फोनवर फैलावर घेतलं. तो आधी गुळमुळीत बोलला, मग कबूल झाला. कंपनी त्या दुकानांसाठी हलका नळ वेगळा काढत होती.

"आणि नाव मात्र एकच? म्हणजे तुटला तिकडचा, तरी लोक शिव्या घालणार माझ्या मालाला! उचला तुमचे सगळे नळ माझ्या फळीवरून."

त्याच दुपारी तिने भावाचा तुटका नळ आणि आपल्या फळीवरचा एक, असे दोन्ही करवतीने उभे चिरले आणि दाराला शेजारी-शेजारी टांगले. कंपनीचा माणूस हातापाया पडत आला. "काकू, काढा ना ते. नाव खराब होतंय."

"खोटं असेल तर आत्ता काढते. बोल, खोटं आहे?"

तो आल्या पावली परत गेला.

लोक थांबून बघायचे, चुकचुकायचे, आणि त्यातले बरेचसे तरीही चौकातच जायचे. तिने दुसऱ्या कंपनीचा पितळी माल ठेवला. तो महाग पडला, खप आणखी घटला. शेवटी तिने अर्धं दुकान एका शिंप्याला भाड्याने दिलं. भावाने नवा नळ तिच्याकडूनच घेतला. तिने तो स्वतः जाऊन बसवून दिला, पण त्या दिवशी त्याच्या घरी घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही.