भिंतींची पांघरुणं

चाळिशी उलटेपर्यंत पितांबर मिस्तरींनी देवपुरात दारं केली, खिडक्या केल्या, पाळणे केले. पण अख्खी इमारत त्यांच्या हातात कुणी दिली नव्हती. १९५६ साली वाचन मंडळानं आपलं सभागृह त्यांच्यावर सोपवलं, तेव्हा त्यांनी त्यात जीव ओतला. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, आणि भिंतींचा चुना असा घोटून घेतला की त्यात बघून माणसानं मिशी कातरावी.

पुढच्या संक्रांतीला तिळगुळाचा पहिला कार्यक्रम झाला. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही शब्दन् शब्द ऐकू आला. मिस्तरी आठवडाभर मान ताठ करून फिरले.

चैत्रात दुसरी सभा झाली आणि सगळं फिसकटलं. बाहेर झळा लागत होत्या म्हणून खिडक्या बंद केलेल्या. वक्त्यानं ‘बंधुभगिनींनो’ म्हटलं, ते भिंतीवरून परत आलं आणि त्याच्याच पुढच्या शब्दावर चढून बसलं. मागच्यांना नुसता गलका. दुसऱ्या दिवसापासून बाजारात मिस्तरींचं नाव पडलं, घुमट मिस्तरी.

मंडळाचे अध्यक्ष तोतारामनाना यांनी त्यांना बोलावून घेतलं. चार सभासदही बसले होते.

“पितांबर, रतिलालशेठ भुईमुगाच्या पोत्यांसाठी हॉल मागताहेत. पोती काही भाषण ऐकायला येत नाहीत, त्यांना चालेल. आखाजीच्या सणाला बायकांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरलाय. तोही असाच वाया गेला, तर किल्ली शेठजींना देऊन टाकू.”

“नाना, संक्रांतीला ह्याच भिंती होत्या!”

“संक्रांतीला थंडी होती, बाबा. जो तो घोंगडीत गुरफटून बसला होता. आता काय, लोकांना वैशाखात घोंगड्या पांघरायला लावू?”

सगळे खो खो हसले. मिस्तरींचं मात्र हसणं अर्ध्यावरच थांबलं. टोपी सारखी करून ते तडक घरी आले.

“बठ्ठ्या गोधड्या काढ,” त्यांनी बायकोला, वच्छलाबाईंना सांगितलं.

“या उन्हात? हिव भरनं का तुमले?”

“मले नही. भिंतीसले.”

घरातल्या सगळ्या गोधड्या हॉलमध्ये गेल्या. मिस्तरी मधोमध उभे राहून टाळी वाजवत आणि ती विरेपर्यंत मनात आकडे मोजत. कोऱ्या भिंतींना सहा आकडे लागले. गोधडी भिंतीला चिकटवून टांगली तर चार. आणि चार बोटं पुढं सरकवून टांगली तर तीनच! मागच्या पोकळीत काय जादू आहे ते त्यांना सांगता आलं नसतं, पण टाळी खोटं बोलत नव्हती. गुळगुळीत भिंत आवाज परतवते, कापूस त्याला पोटात घेतो, एवढं त्यांना कळलं.

नाना पाहायला आले आणि दारातच थबकले. “अरे, हे सभागृह आहे की गादीवाल्याचं दुकान?”

“आठ दिवस द्या, नाना. दागिना करून दाखवतो.”

गिरणीतली वाया गेलेली रुई पोत्यानं आली. वच्छलाबाई आणि शेजारच्या सुमनबाईंनी जुन्या लुगड्यांच्या खोळी शिवून त्यात ती भरली आणि गोधडीचा टाका घातला. मिस्तरींनी सागाच्या चौकटी केल्या, त्यांत त्या खोळी भिंतीपासून चार बोटं पुढं बसवल्या आणि वर बोटभर फटी ठेवून उभ्या पट्ट्या ठोकल्या. फटींतून जांभळे, हिरवे, डाळिंबी काठ डोकावू लागले. उन्हाची तिरीप आली की भिंत अंगभर नेसल्यासारखी दिसे. सुमनबाई आपलं लुगडं शोधून शेजारणींना दाखवत.

पण हौसेला मोल नसतं. मिस्तरींनी चारी भिंती मढवून टाकल्या. तालमीला वच्छलाबाई व्यासपीठावर उभ्या राहून गाऊ लागल्या आणि दुसऱ्या ओळीला थांबल्या.

“काय झालं?”

“आवाज तोंडातून निघस नि पायजवळ पडस. गोधडीमां डोकं घालीसन गायासारखं लागस.”

आखाजी दोन दिवसांवर होती. मिस्तरींनी व्यासपीठावर टाळी वाजवून पाहिली, ती तिथंच मेली. मग त्यांनी व्यासपीठामागच्या भिंतीवरची एकेक चौकट स्वतः उतरवली. तिथला घोटीव चुना पुन्हा उघडा पडला. गाणाऱ्याच्या पाठीशी आवाज पुढं ढकलणारी भिंत हवी, आणि ऐकणाऱ्यांच्या बाजूंना तो मुरवणारी.

वच्छलाबाई पुन्हा गायल्या. मिस्तरी शेवटच्या रांगेतून ओरडले, “मधल्या ओळीत श्वास घेतलास! इथवर कळलं!”

आखाजीच्या तिसऱ्या प्रहरी हॉल माहेरवाशिणींनी भरून गेला. खिडक्या बंद, हातात पंखे, अंगावर पातळ लुगडी. घोंगडी एकही नाही. गाणं सुरू झालं. कोणत्या नणंदेची टर उडवली ते मागच्या बायकांना लगेच समजलं आणि हसू पुढच्या रांगेआधी मागून उसळलं. रतिलालशेठ स्वतःच टाळ्या वाजवत होते.

नाना उठले. आनंदाच्या भरात त्यांनी किल्ली सगळ्यांसमोर मिस्तरींच्या हातात ठेवली आणि मग मंडळाच्या स्थापनेपासून बोलायला सुरुवात केली. अर्धा तास झाला. पाऊण झाला. आजवर त्यांच्या भाषणात मागच्या रांगा आपसात गप्पा मारत. आज कुजबुजही व्यासपीठापर्यंत पोचत होती, त्यामुळे कुणाला तोंड उघडता येईना.

शेवटी मागच्या रांगेत परतलेल्या मिस्तरींच्या कानाशी शेजारचा लोटन गाडीवाला वाकला.

“मिस्तरी, हात जोडस. जरासा कापूस काढी ल्या ना!”