दाजींचा प्लॅस्टिकचा मेंदू

आमच्या साडूंइतका निर्लज्ज सभ्य माणूस उभ्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो, फक्त जरा दात आवळून. तीस वर्षं ते औषध कंपनीचे प्रतिनिधी होते, तेही मनाच्या आजारांवरच्या गोळ्यांचे. परळीपासून पाटोद्यापर्यंत मोटारसायकलवर हिंडले, भर मे महिन्यात टाय लावून. पुढे ते निवृत्त झाले, टाय झाला नाही. माजलगावच्या बाजारात मेथीची जुडी निवडताना तो मेथीत लोळत असतो. कंपनीनं निरोपाला दिलेला प्लॅस्टिकचा मेंदू ते टॉवेलात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवतात आणि कुणी नुसतं ‘झोप नाही’ म्हणालं की उघडतात. त्यातला हायपोथॅलॅमसचा, म्हणजे झोप आणि हार्मोन सांभाळणारा, तुकडा कधीच हरवला. त्या जागी एक सुपारी बसवलीय. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर त्यांनी शेवभाजीशेजारी तो मेंदू उघडला, तेव्हा वाढणाऱ्यानं हळूच विचारलं होतं, “सायब, हे बाहेरून आनलं का? गरम करून आनू?”

पण त्यांचा खरा पराक्रम म्हणजे ते बायकांना विचारतात. जे नवरा विचारत नाही, लेक विचारत नाही, ते दाजी चारचौघांत विचारतात. अधिक मासात सिरसाळ्याला सासुरवाडीत आम्ही दोघे जावई धोंड्याच्या जेवणाला पाटावर बसलो होतो. दाजींनी तुपाची वाटी बाजूला सारली आणि वाढायला आलेल्या बायकोच्या मावशींना विचारलं, “मावशी, पाळी जाऊन किती वर्षं झाली? झोप लागती का?” सगळी पंगत आपापल्या ताटात बघू लागली. मला पुरणाचा ठसका लागला. आणि सत्तर वर्षांत कुणाला सरळ उत्तर न दिलेल्या मावशी पदर सावरून खाली बसल्या आणि अर्धा तास बोलल्या. माझ्या ताटात पोळी पडली नाही ती नाहीच. त्या दिवसापासून मी या माणसावर मनापासून जळतो.

जळायला पुढे आणखी सरपण मिळालं. पन्नाशी जवळ आली तशी बायकोची झोप उडाली. अंगातून वाफा निघायच्या, भाजी चिरता चिरता रडू फुटायचं. नवरा म्हणून करायचं ते मी केलं. पंखा बदलला. पाळीसाठी बीडच्या डॉक्टरीणबाईंकडं जाणं चालूच होतं, शेवटी तिथल्याच मनाच्या डॉक्टरांनी गोळी दिली. रडू थांबलं, पण हसूही थांबलं, आणि ती माझ्याकडे पाठ करून भिंतीशी बोलल्यासारखी झोपू लागली. मी खांद्यावर हात ठेवला की खांदा तेवढा माझ्या हातात राहायचा, बायको दुसरीकडेच. त्यात रोज संध्याकाळी सातला दाजींचा फोन. दार ओढून घेऊन बोलणं. एकदा कानावर आलं, “नाही हो दाजी, यांना कशाला सांगू?” झालं! मराठीचा मास्तर मी. एवढ्या एका वाक्यावर अख्खी कादंबरी रचली. दुसऱ्याच दिवशी टाय विकत आणला आणि आरशात बघून लावला. बायको म्हणाली, “कुणाचं लग्न आहे?”

मग मी ठरवलं, ऐकायचंच. सातच्या ठोक्याला घरामागं गेलो, खिडकीतल्या कूलरची मागची गवताची जाळी काढली आणि ओल्या टाकीत डोकं घालून उभा राहिलो. आत बायको म्हणत होती, “दाजी, गोळीनं रडू थांबलं, पण यांच्याजवळ जावंसंच वाटत नाही. सांगितलं तर मन उडालं म्हणतील. मला भीती वाटते.” पुढचं ऐकू आलं नाही, कारण माझा पाय घसरला आणि कूलर माझ्यासकट खाली आला. बायकोनं येऊन बघितलं, तर मी चिखलात बसलेलो, डोक्यावर गवत, गळ्यात टाय. तिच्या हातातल्या फोनमध्ये दाजी ओरडत होते, “कावून आवाज आला? काय पडलं?” ती म्हणाली, “हेच.”

सकाळी दाजी मेंदू घेऊन हजर. चहाच्या कपांमध्ये तो उघडून सुपारीवर बोट ठेवत म्हणाले, “हे बगा. गोळी म्हंजे एस्टीचा डायवर. बाईचं हार्मोन म्हंजे कंडक्टर. अन् मेंदूत त्या हार्मोनसाठी जी जागा असती, रिसेप्टर म्हणत्यात तिला, ती घंटीची दोरी. ह्या वयात कंडक्टर कदी येतो, कदी दांडी मारतो. मग डायवर तोच, गाडी तीच, पर कदी धक्के, कदी गाडी जाग्यावर. अन् काही गोळ्या तर कंडक्टरच्याच कामात हात घालत्यात. जवळ यावं वाटंना ते त्याच्यापायी, मन उडालं न्हाई तिचं.”

“मग उपाय?”

“ते डॉक्टर सांगतील. त्यांनाबी अजून समदं उमगलेलं न्हाई. पर मनाच्या डॉक्टरला पाळीचं म्हाईत न्हाई, बायकांच्या डॉक्टरीणबाईला गोळीचं म्हाईत न्हाई. दोन फायली, दोन पिशव्या. आन् तू घरात बसून काय केलंस बे?”

“पंखा बदलला,” मी म्हणालो.

दाजींनी गळ्यातला टाय सोडला, त्यानं दोन्ही फायली एकावर एक ठेवून बांधल्या आणि आम्हा दोघांना बीडला नेलं. डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई फोनवर एकमेकांशी बोलले, गोळी बदलली. लगेच काही झालं नाही. पण दोनेक महिन्यांनी एका दुपारी बायको दुरुस्त करून आणलेल्या कूलरपुढं माझ्या शेजारी येऊन टेकली आणि एकाएकी हसायला लागली. “टाकीत डोकं घातलंत हो,” म्हणाली आणि खांद्यावर मान टाकली.

सातचा फोन चालूच होता, आता दार उघडं ठेवून. एकदा मीच उचलला. दाजींनी सवयीनं विचारलं, “झोप कशी हाय तिची?” मी सांगितलं, आणि केवळ बोलायचं म्हणून विचारलं, “अन् अक्कांना लागते का झोप?”

अक्का म्हणजे त्यांची बायको. गेली कित्येक वर्षं त्या वेगळ्या खोलीत निजतात आणि दाजींशी दुसऱ्यामार्फत बोलतात: ‘त्यांना सांगा, ताट वाढलंय.’ आम्ही त्याला त्यांचा स्वभाव म्हणत आलो.

मग दाजी म्हणाले, “बरी आसंल. म्हंजे... मी कदी...” आणि मग अगदी हळू, “इचारतो.”

त्याला आज आठ दिवस झाले. सात वाजतात, मी फोनकडं बघत बसतो. काल न राहवून म्हणालो, “दाजींचा फोन नाही आला.” बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बोलत असतील.”

“कुणाशी?”

“अक्काशी.”

आणि काय सांगू, मला पुन्हा जळल्यासारखं झालं. या वेळी अक्कांवर.