गुरुवार न धरणारा माणूस

आमच्या चाळीतले स्टोअरवाले आठवड्याचे सहाच वार मोजत. गुरुवार त्यांच्या हिशेबात नव्हता. भोसरीतल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, आणि लातूरकडून आल्यापासून हे एकाच कंपनीच्या स्टोअरमध्ये. रविवारी डबा घेऊन कामाला जायचे आणि गुरुवारी दुपारपर्यंत लोळायचे.

मटणही गुरुवारीच शिजे. चाळीतल्या बायका नाकं मुरडत. मी एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "मावशी, देवाचा वार हाय ते मला कळतंय. पर सुट्टी बी त्याच दिवशी देतेत, मी काय करू?"

माझा मुलगा त्यांच्याच कंपनीत होता. तो घरी त्यांची नक्कल करी. माल परत गेला आणि गाडीवाल्याने बदली माल कधी आणू विचारलं, की हे बोटांवर मोजून सांगत, "तीन कामाचे दिवस. मंगळ, बुध, शुक्र."

त्यांची थोरली सुनंदा हुशार. तिचा पुण्यात नर्सिंग कॉलेजला नंबर लागला. सोमवारी संध्याकाळी कळलं. मूळ कागद तीन कामाच्या दिवसांत दाखवा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला, असं कॉलेजने कळवलं होतं. एक दाखला गावी राहिला होता, तो घेऊन चुलता बुधवारी रात्री आला. गुरुवारी सकाळी पोरगी वेणीफणी करून तयार. बाप म्हणाला, "आजचा दिवस धरत न्हाईत. उद्या शेवटचा. भाऊ आलाय, उद्या निवांत जाऊ."

शुक्रवारी कॉलेजात ते, काल सुट्टी होती, म्हणून वाद घालत राहिले. कारकुनाने एवढंच विचारलं, "कुणाची?"

घरी आल्यावर पोरगी बापाशी एक शब्द बोलली नाही. मी बोलले. कॉलेज काय तुमच्या कंपनीच्या भोंग्यावर चालतं व्हय, म्हटलं. सुनंदाने ते वर्ष चाकणच्या एका कंपनीत लाइनवर उभं राहून काढलं. संध्याकाळी पाय सुजलेले असत.

पुढच्या वर्षी तिचा पुन्हा नंबर लागला. कधी रजा न घेणाऱ्या माणसाने लगेच तीन दिवसांची रजा टाकली. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायला उभे राहिले, तर सुनंदा कागद घेऊन पहिल्या बसने एकटीच गेलेली. दुपारी आली आणि प्रवेश झाला म्हणाली.

"बरं केलंस," ते म्हणाले. उरलेली रजा त्यांनी घरात बसून काढली.