स्वतःला न टोचलेला देवी डॉक्टर

कल्याणहून निघताना खांद्याला लशीची पेटी होती, हातात छत्री, आणि डोक्यात पाच महिने मुक्काम ठोकून बसलेला एकच विचार: आपण मेलो तर कुणाचं काय अडेल? कारण विचाराल तर सांगता येत नाही. नोकरी होती, दादा-वहिनीच्या घरी दोन वेळा गरम जेवण होतं. तरी सकाळी उठायचं म्हटलं की जिवावर येई. गावोगाव देवी टोचत फिरणं हे माझं काम; लोक 'देवी डॉक्टर' म्हणत. साथ सुरू झाली तशी टोचणाऱ्यांनीही पुन्हा टोचून घ्यावं असा हुकूम निघाला. मी टोचून घेतलं नव्हतं. देवी येऊन परस्पर निकाल लागला तर बरंच, असा माझा भेकड बेत होता.

पहिला मुक्काम उल्हासनगर. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं लष्कराच्या जुन्या बराकींत राहत होती. मधे गोणपाटाचे पडदे आणि पडद्यांआड एकेक संसार. एका म्हाताऱ्यानं आधी पापड आणि पाणी पुढं केलं. आल्या-गेल्याला ते द्यायचंच, अशी त्यांची रीत.

"पहले खाओ साईं (महाराज), सुई बाद में."

ज्याचं घरदार सिंधमध्ये राहिलं, तो माझ्यासाठी पापड भाजत होता. मला स्वतःची लाज वाटली. लाज वाटून काहीच बदललं नाही.

अंबरनाथला कारखान्याच्या चाळींत काम पटापट उरकलं. कामगार बाह्या सरसावूनच रांगेत उभे होते. बाहेर पडलो तर भर उन्हात चपलेचा अंगठा तुटला. पेटीतल्या पट्टीनं तो बांधून लंगडत देवळात गेलो. तिथल्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली गार अंधार होता. परत वर यावंसंच वाटेना. पुजारी "चला, नैवेद्याची वेळ झाली" म्हणाला, म्हणून उठलो.

दुसऱ्या दिवशी बदलापूरला उतरलो आणि कुळगाव मागं टाकून डोंगराखालच्या वाडीवर पोचलो. तांदळाची भाकरी आणि सुक्या मासळीचं कालवण मिळालं. मग भागी नावाच्या बाईनं मुलीला पुढं केलं आणि लगेच मागं ओढलं. तिचा नवरा मागल्या साथीत गेला होता. इथं सरकारी माणसालाही अरे-तुरेच.

"आदी तुजा दंड दाव."

दाखवला. लहानपणचा व्रण होता तेवढाच.

"ह्यो जुना हाय. आमाला टोचतंस नि सोताला नाय? मराचं हाय का तुला?"

ती सहज बोलून गेली होती. मी "हो" म्हणालो. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ते तोंडाबाहेर पडलं.

ती हसली नाही, उपदेशही केला नाही. मुलीला बाजूला बसवून तिनं विचारलं, "कवापासून?"

"दिवाळीपासून."

"घरी ठावं हाय?"

"नाही."

"मंग मना (मला) काय सांगतंस? घरी सांग." तिनं माझी बाही वर सारली. "आदी तू टोच. मंग पोरीला."

हात स्थिर राहीना, तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं. मी स्वतःला टोचलं. मग मुलीला. मुलगी रडली नाही.

परतल्यावर पाच दिवस मी गप्पच होतो. सहाव्या दिवशी दंड सुजला, ताप भरला. वहिनीनं कपाळावर ओली घडी ठेवली. दादा कामावर निघाला होता. "लशीचा ताप, उतरेल," तो म्हणाला. मान हलवून सुटता आलं असतं.

"दादा, मला जगावंसं वाटत नाही."

वहिनीचा हात कपाळावर तसाच राहिला. दादानं टोपी काढून खुंटीला लावली आणि तो माझ्या अंथरुणाशी बसला. "सांग," म्हणाला.

प्रवासानं मन ताजंतवानं होतं म्हणतात. माझं झालं नाही. तो विचार अजूनही येतो. आला की मी दादाला सांगतो, आणि त्या दिवशी दादा कचेरीत उशिरा जातो.