कमरेएवढा वाफा

गाझियाबादच्या आमच्या नव्या कॉलनीत समोरच्या घरातले शेजारी प्रत्येक गोष्टीला "बिल्कुल" म्हणायचे आणि मग स्वतःला हवं तेच करायचे. रस्ता रुंद करताना तोडलेल्या झाडांचे ओंडके ते स्कूटरला बांधून ओढत आणत. ते एकावर एक रचायचे, काथ्यानं आवळायचे, आत फांद्या आणि सुका पाला भरून वर माती टाकायची. असे उंच वाफे करायचा त्यांना नादच होता.

त्या हिवाळ्यात माझी आई साताऱ्याहून आली होती. तिला हिंदी येत नव्हती, गुडघे वाकत नव्हते. दिवसभर दारात उभी असायची. "होळी झाली की मला गाडीत बसवून दे," एवढंच म्हणायची.

एकदा शेजाऱ्यांनी तिला हाक मारली. "माताजी, ज़रा ये डोरी पकड़िए." आई दोरीचं टोक धरून उभी राहिली. तिच्या हाताच्या उंचीवर त्यांनी खांबाला खडूनं खूण केली. आठवड्याभरात आमच्या दाराशी वाफा उभा राहिला, बाकीच्यांपेक्षा चांगलाच उंच.

"इतना ऊँचा क्यों?" मी विचारलं.

"कुत्ते घुस जाते हैं."

आईनं उभ्याउभ्याच मेथी पेरली. म्हणाली, "आता ही खुडूनच जाते."

मेथी खुडून झाली तेव्हा मी शेजाऱ्यांना सांगितलं, की आई आता निघेल.

"बिल्कुल," ते म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी रिकाम्या वाफ्यात त्यांनी आईच्या हातून हळद लावून घेतली.

हळद निघायला पुढचा हिवाळा यावा लागतो.