सुळेदात्या वाघ आणि काकूचा हरभरा

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मग सांगते. बरं, राहू द्या, तुम्ही हसणारच आहात. निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, एवढंच. कारण मी जे करून ठेवलंय, ते आमच्या गावात पुढची वीस वर्षं तरी लग्नाच्या पंगतीत सांगितलं जाणार आहे.

मी शिकले दूर. पाचवीपासून डेहराडून, मग परदेश. पण शिकून गावातच राहायचं, हे माझं आधीपासून ठरलेलं होतं. आईच्या पुण्याच्या घरून निघाले तेव्हा ती म्हणाली, "दोन आठवड्यांत परत येशील. शेती म्हणजे शिबिर नव्हे."

शिबिर हा शब्द तिनं मुद्दाम वापरला होता. कारण परदेशातून येण्याआधी मी एका शिबिरात गेले होते. तिथं डोळे मिटून ढोलाच्या ठेक्यावर बसायचं आणि आपलं रक्षण करणारा आत्मिक प्राणी शोधायचा. सगळे मार्जारकुळातले! कुणाला हिमबिबट्या दिसला, कुणाला चित्ता. एका गृहस्थांना मासे पकडणारं रानमांजर दिसलं, तर ते रुसून जेवलेच नाहीत. आणि मला? मला दिसला सुळेदात्या वाघ! पृथ्वीवरून केव्हाच नाहीसा झालेला, जबड्याबाहेर दोन तलवारींसारखे सुळे आलेला. त्या दिवशी माझी अक्कलदाढ भयंकर ठणकत होती, ही गोष्ट मात्र मी तिथं कुणाला सांगितली नाही.

तुम्ही म्हणाल, काय हे खूळ! का हो, आपल्याकडे लग्नात देवक बसवतातच ना? कुणाचं देवक मोर, कुणाचं एखादं झाड. मग माझा वाघ काय वाईट?

तर मी आमच्या गावी पोचले. जऊळका स्टेशनला उतरून पुढं ऑटोनं जावं लागतं. गावात माझे रामदासकाका आणि शांताकाकू. मी संध्याकाळी पोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं अकोल्याला निघाले, लेकीच्या बाळंतपणाला. निघताना काकूनं माझा हात धरला.

"मैतू, तीन एकर हरभरा हाय. घाटे धरून राह्यले. पंधरा दिवस फक्त ध्यान ठेवजो. अन् बांधावरचं काही हलवजो नको."

"काकू, तू निर्धास्त जा! मी आहे ना!"

हे वाक्य लक्षात ठेवा.

मी शेतात गेले. चहूबाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या, लाल, पिवळ्या, जरीच्या. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं बुजावीत म्हणून आमच्याकडे अशा साड्या बांधतात, हे मला माहीत होतं. तेवढी अडाणी मी नाही! मी बांधाबांधानं नाल्यापर्यंत गेले आणि जागीच थिजले.

नाल्याकडे तोंड करून तो बसला होता.

वासराएवढा लांबट काळा दगड. त्यावर पिवळा रंग, काळे पट्टे. भाजलेल्या मातीचे दोन कान. उन्हात लालबुंद चमकणारे डोळे, जणू माणकंच! आणि जबड्यातून खाली आलेले दोन लांब, बाकदार सुळे.

माझ्या अंगावर काटा आला. सुळेदात्या वाघ! माझा! माझ्याच काकूच्या बांधावर! हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी पाहिलेला वाघ इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मनात जपला, दगडात जपला, आणि तो माझी वाट पाहत इथं बसला होता. मी चपला काढल्या आणि खोल श्वास घेतला. त्याच्या अंगाला एक उग्र, कुबट वास होता. मी स्वतःला म्हटलं, हाच तो आदिम वनाचा गंध! आणि पुन्हा श्वास घेतला. छाती भरून. रोज सकाळी. अर्धा अर्धा तास.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातले हरिभाऊ मागं येऊन उभे राहिले. हरिभाऊंचं अकोल्याच्या बाजूलाही शेत आहे, त्यामुळे ते या शेताकडे महिन्यातून एकदाच फिरकतात.

"काय करून राह्यली व ताई? कोणता देव हा?"

मी डोळे उघडले आणि त्यांना सगळं समजावलं. हिमयुग, सुळे, आत्मिक रक्षक, सगळं.

हरिभाऊंनी बराच विचार केला. "म्हंजे वाघाचा आजा म्हना ना."

"अगदी तसंच!"

"अन् आमाले एवढ्या वर्षांत माईत नाई! पाहा बरं, शिकलेलं माणूस पाह्यजे." त्यांनी हात जोडले. "माही म्हैस दोन दिसांपासून घरी नाई आली, बावा. पाह्यजो जरा."

संध्याकाळी म्हैस घरी आली. ती कंटाळूनही आली असेल, पण हे हरिभाऊंना कोण सांगणार?

झालं! दुसऱ्या दिवशी बांधावर सात बाया, हळदकुंकू, नारळ. तिसऱ्या दिवशी तीस. मी तर हरखून गेले होते. माझं गाव स्वतःच्या मुळांकडे परत चाललं होतं आणि ते माझ्यामुळे! सोमवारी आम्ही अभिषेक केला. दूध, मग पाणी, मग पुन्हा दूध. वाघ नुसता लखलखीत झाला. तो आदिम गंधसुद्धा धुऊन गेला, याचं मला जरा वाईट वाटलं.

एकटे सिद्धार्थदादा तेवढे हात न जोडता उभे. ते आमच्या गावच्या शाळेत मास्तर, शंका काढण्यात पटाईत. त्यांनी वाघाच्या पाठीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"ताई, याले ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलचा वास येऊन राह्यला."

"दादा, अशा मूर्तींना प्रत्येक पिढी नवा लेप देते."

दादांनी काळं बोट माझ्यापुढं धरलं. "या पिढीनं परवाच देल्ला वाटते."

बाया हसल्या. मी नाही हसले. मी म्हटलं, "दादा, तुम्ही सगळं फार तर्कानं बघता."

"तुमी जरा कमी पाह्यता," दादा म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

काकांचा रोज फोन यायचा. "बांधावर सगळं ठीक?" मी म्हणायची, "एकदम ठीक!" खरं काय ते मी मुद्दाम सांगत नव्हते. परत आल्यावर त्यांना केवढा आनंद होईल, म्हणून!

मग गावाची बैठक बसली. एवढा जागृत देव नाल्याकाठी ऊन खात बसतो, हे बरं दिसत नाही, असं ठरलं. कुणी ठरवलं? मीच. काकूचं 'काही हलवजो नको' मला आठवलं, नाही असं नाही. पण ते साड्यांबद्दल असणार, पाइपांबद्दल असणार. देवाबद्दल कसं असेल?

आठ जणांनी वाघ ट्रॉलीत चढवला. डफडं वाजलं. शाळेजवळच्या रस्त्यावर ओटा बांधला होता, वर पत्रे. तालुक्याच्या मालेगावहून फ्लेक्स छापून आणला, 'श्री आदिवाघ देवस्थान'. त्यावर वाघ लहान आणि माझा फोटो मोठा. हे हरिभाऊंनी परस्पर केलं होतं. पण मी तक्रार केली नाही, हेही खरं.

मी ओट्यावर उभी राहून भाषण केलं. शेवटी आवाज चढवून म्हटलं, "आजपासून याला इथून कुणीही हलवू शकणार नाही! अगदी मीसुद्धा नाही!"

टाळ्या! हेही वाक्य लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात गेले. नाल्याकडचा कोपरा आधी मला ओळखूच येईना. वाटलं, कुणीतरी नांगर घातला. माती उकरलेली, हरभऱ्याची झाडं मुळासकट उपटून पडलेली, घाटे फोडून खाल्लेले, आणि चिखलात खुरांचे ठसे. वाघ जिथं बसला होता, बरोबर तिथूनच डुकरं आत शिरली होती. गेल्या पंधरा दिवसांत ज्या बाजूनं एक डुक्कर आलं नव्हतं, त्याच बाजूनं!

मी तिथंच बसले. डोक्यात काहीतरी हलायला लागलं होतं, पण मी ते हलू देत नव्हते.

दुपारी काका-काकू परत आले. ऑटो थेट ओट्यासमोर थांबला, कारण तिथं आरती चालू होती. काकांनी आधी फ्लेक्सवरचा माझा फोटो पाहिला. मग वाघाकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"घ्या रामदासभाऊ, प्रसाद घ्या," हरिभाऊ म्हणाले. "लय जागृत हाय."

काका पुढं झाले आणि त्यांनी वाघाच्या सुळ्यावर हात ठेवला. अगदी मायेनं.

"हे तं माह्या ढवळ्याचे शिंगं व्हय," ते म्हणाले.

आरती थांबली.

"कोण ढवळ्या?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण फार लांबून आला.

"बैल माहा. मागच्या साली गेला. टाकाले जीव नाई झाला, म्हून ठेवले होते शिंगं." काका एकेका अवयवावर बोट ठेवत गेले. "हे कान म्हंजे कवेलू हायेत, गोठ्यावरचे. डोळे ट्रॉलीचे रेडियम. पट्टे जळक्या ऑइलचे. डुकराले भेव वाटाव म्हून केला होता मी, तू आली त्याच्या आदल्या दिशी. हा हितं काहून आला?"

गर्दीच्या मागून सिद्धार्थदादांचा खोकला ऐकू आला. नुसता खोकला. पण किती अर्थपूर्ण खोकतात काही माणसं!

"आणि काका," मी चाचरत विचारलं, "तो... वास?"

"सडक्या अंड्याचं पानी. डुकरं फिरकत नाईत वासानं. पंधरा दिस नासवलं होतं गोठ्यात. गेला काय वास?"

आठवतंय ना? रोज सकाळी. छाती भरून. अर्धा अर्धा तास.

काकूनं हातातली पिशवी खाली ठेवली. ती सरळ शेतात गेली. मी मागं. कोपऱ्यात वाकून तिनं एक उपटलेलं झाड उचललं, त्याचा एकुलता एक शिल्लक घाटा फोडला आणि दाणा हातावर घेतला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"कोपरा गेला, मैतू. जाऊ दे. पण डुकराले वाट माईत झाली आता. आज पुन्हा येतीन."

मी धावत ओट्याकडे गेले. "हरिभाऊ, वाघ परत द्या!"

हरिभाऊ कानावर हात ठेवून म्हणाले, "असं कसं बोलते व ताई! शिंगं बैलाचे असतीन, पन माही म्हैस तं आली ना? देव बसला ते बसला. अन् तूच बोल्ली ना काल, तुले बी हलवता येनार नाई म्हून?"

टाळ्या मीच घेतल्या होत्या.

पण ऐका, मी हार मानणाऱ्यातली नाही. चूक माझी, हरभरा काकूचा, मग राखण मीच करणार. त्या वेळी आईला फोन करून गाडीचं तिकीट काढणं सोपं होतं. मी काकांकडे गेले आणि म्हटलं, "काका, वाघ कसा करायचा ते सांगा. दगड नको. मी बसते."

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग आत गेले आणि जाड मखमली ब्लँकेट घेऊन आले. तुम्हाला माहीत आहे ते. लग्नात आहेर येतं, मधोमध डरकाळी फोडणारा वाघ असतो. प्रत्येक घरात एक तरी असतंच. सिद्धार्थदादांनी कपाळाला बांधायला लाल रेडियमची पट्टी करून दिली.

"आता कशी शोभली!" दादा म्हणाले. "तर्काले धरून हाय."

"अंड्याचं पानी उरलं हाय अर्धी बकेट," काका हळूच म्हणाले. "पन तुले जमन का?"

"ओता," मी म्हटलं.

रात्रीची पाळी काकांनी घेतली. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत माझी. ब्लँकेट पांघरून, ताट बडवत, मी नाल्याच्या तोंडाशी बसायची आणि कुठं पान हललं की डरकाळी फोडायची. पहिल्या दिवशी डरकाळी ऐकून एक रोही थांबला आणि माझ्याकडे चौकशीच्या नजरेनं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी माझा आवाज बसला. चौथ्या दिवशी मात्र खरी डरकाळी निघाली, नाल्यापलीकडचे बगळे उडाले! शिबिरात सांगितलं होतं, एक दिवस तुम्ही आणि तुमचा प्राणी एक व्हाल. झाले की! फक्त असा वास येईल, हे तिथं कुणी सांगितलं नव्हतं.

त्या कोपऱ्यानंतर डुकरांनी एक झाड उपटलं नाही. हरभरा पिवळा पडायला लागला, कापणी चार दिवसांवर आली.

आणि त्या सकाळी, ऊन नुकतं वर आलं होतं, ब्लँकेट छान उबदार होतं, मी जरा डोळे मिटले. जरासेच! जाग आली ती काकूच्या आवाजानं. ती एका हातानं काठी आपटत रोही हाकलत होती; दोन होते, माझ्यापासून हातभर अंतरावर, निवांत चरत. दुसऱ्या हातात फोन होता. फोनवर माझी आई.

किलकिल्या डोळ्यांनी एवढं पाहिलं आणि मी पुन्हा डोळे मिटून पडून राहिले.

"नाई बाई, परत कायले पाठवू?" काकू म्हणत होती. "राहू द्या तिले हितंच. लय जिद्दीची हाय पोरगी. राखनीले बसते ना रोज, ऊन नाई पाह्यत, वास नाई पाह्यत."

माझी छाती फुगली. ब्लँकेटवरचा वाघही फुगला असावा.

पलीकडून आईनं काहीतरी विचारलं. काकूनं माझ्याकडे वळून पाहिलं असणार, कारण काठीचा आवाज थांबला.

"तसं बरं करते," ती म्हणाली. "पन खरं सांगू का बाई, पह्यला वाघ चांगला होता. तो झोपत नव्हता."