विहिरीचा शेवटचा हप्ता

निजामाच्या अमलात सरकार आमच्या गावात न्यायला यायचं. द्यायला आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून निजाम गेल्यावर विहिरीसाठी अनुदान मिळतं असं ग्रामसेवकानं चावडीवर सांगितलं, तेव्हा गावाला ते खरं वाटलं नाही. माझे थोरले दीर म्हणाले, "आज पैसा घेशील, उद्या विहीर सरकारची. मग पाण्यावर शिपाई बसंल."

मी म्हटलं, "बसू द्या. त्यालाबी तहान लागंल."

नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. वाटणीचं रान माझ्या नावावर लागलं होतं. मी अर्ज केला. काम होईल तसा पैसा मिळायचा. विहीर खणली, सुरुंग लावले, उन्हाळ्यात पाणी लागलं. पाणी लागल्याबरोबर दिरांना विहीर आवडायला लागली.

शेवटचा हप्ता दगडी बांधकामासाठी होता. वरचा थर मुरमाचा. पावसाच्या आत बांधून काढलं नाही, तर सगळी विहीर ढासळणार. हप्ता मिळायचा तर ओव्हरसियरनं खोली मोजायला हवी. तो आला त्या दिवशी दीर धुवट पटका बांधून काठावर उभे, जणू विहीर त्यांच्या घामाची. खणणारे दुसऱ्या कामावर गेले होते. साहेब म्हणाले, "फितीचं टोक धरायला एक माणूस खाली उतरवा."

दीर म्हणाले, "मी उतरतो. पण साहेब, हप्ता माझ्या हाती द्यायचा. बाईमाणसाच्या हातात रोकड शोभत न्हाय."

हप्ता त्यांच्या हाती गेला की पाणीही त्यांच्याच हुकमानं उपसलं जाणार, हे मला कळत होतं. काठावर चार बाप्ये होते, सगळे भावकीतले. एकही पुढं सरला नाही. मी उतरायचं तर विहिरीची पूजा अजून व्हायची होती, आणि पूजेआधी विधवेनं नव्या विहिरीत पाय घालायचा नाही, अशी आमच्याकडं रीत. दिरांनी हे सगळं धरूनच अट घातली होती.

मी कासोटा घट्ट खोचला, फितीचं टोक दातात धरलं आणि दोराला लोंबकळत उतरले.

वर जाऊबाई ओरडल्या, "अगं ए, वर ये! तुझा पाय लागला तर पाणी आटंल!"

तळाला टेकल्यावर मी फीत दातातून काढली. "आटलं तर माझं आटंल, अक्का. तुमचं काय जातंय?"

साहेबांनी फीत ताणली, आकडा लिहिला. मग वाकून विचारलं, "पाणी किती आहे?"

"माझ्या गुडघ्याइतकं. तुमच्या गुडघ्याचं मोजायचं असंल तर खाली या."

साहेब हसले. भावकी हसली नाही. मी वर आले तेव्हा हात सोलवटले होते आणि लुगडं चिखलानं माखलं होतं. साहेबांनी विचारलं, "मालक कोण?" दिरांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "जी खाली उतरली ती."

हप्ता उमरग्याच्या कचेरीत माझ्या हातात पडला. मुरूम गावाच्या बाजूनं गाडीनं दगड आणला, पाऊस लागायच्या आत बांधकाम उरकलं. पूजेला भावकीतलं कुणी आलं नाही. मीच नारळ फोडला आणि अर्धा जागेवरच खाल्ला.

पुढच्या चैत्रात दिरांचा आड कोरडा पडला. जाऊबाई घागर घेऊन आल्या. मी विचारलं, "अक्का, विधवेच्या पायाचं पाणी चालंल का?"

"गप बस आन् दोर दे."

दोर दिला. मागून दीर बैल घेऊन आले, त्यांना मोट जोडायची होती. त्यांना मी बांधावरूनच परत पाठवलं. प्यायला घागरी कितीही न्या. मोट त्या विहिरीवर माझीच चालली.